डावा गाल, उजवा गाल

ऋतुजानं नागपूरहून दोन बाटल्या पाठवल्या,
अंगठ्याएवढ्या, ड्रॉपरवाल्या.
एकीवर लिहिलेलं: सफरचंदाच्या मूळपेशी.
दुसरीवर: एक्सोसोम.
हा शब्द मी तीनदा वाचला, मग फोन केला.

ती मॉलमधल्या काउंटरवर उभी असते दहा तास,
पांढऱ्या कोटात, डॉक्टर नसून.
म्हणाली, मावशी, पहिलीत पेशींचा अर्क आहे,
दुसरीत पेशी एकमेकींना धाडतात त्या चिठ्ठ्या.
काय लिहिलेलं असते चिठ्ठीत?
तरुण पेशी म्हाताऱ्या पेशीला सांगते, ऊठ, कामाला लाग.
म्हटलं, आमच्याकडे हे उलटं आहे माय,
इथं म्हातारी सांगते.

एकवीस वर्षं झाली, शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांत
मी डोळे भरते.
रडत नाही. संत्र्याचे.
जंभेरीच्या खुंटाची साल चाकूच्या टोकानं उचलायची,
डोळा आत सरकवायचा,
पट्टी गुंडाळायची. दिवसाला सहाशे.
पंचवीस दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं:
हिरवा म्हणजे धरला,
तपकिरी म्हणजे गेला.
मधलं काही नसते.

म्हणून तसंच केलं.
डाव्या गालाला सफरचंद, उजव्याला चिठ्ठ्या,
कपाळ कोरं ठेवलं तुलनेसाठी.
कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेशेजारी फुली मारली.
शेजारच्या वाफ्यातली वेणू उईके
तिसऱ्या दिवशी वाकून म्हणाली,
एक गाल चमकून राह्यला अन् एक रुसला, काहून वं?

सफरचंदाला सफरचंदाचा वास नाही.
चिकट आहे, भिजवलेल्या डिंकासारखं.
दुसरं पाण्यासारखं, लावलं का नाही कळत नाही,
किंमत तेवढी कळते:
एका थेंबाला मी भरलेले सात डोळे.

पंधराव्या दिवशी दोन्ही गाल मऊ.
पण या पंधरा रात्री मी तोंड धुऊन
दोन मिनिटं खाटेवर बसले होते,
काहीच न करता, नुसती बोटं फिरवत.
हे एकवीस वर्षांत झालं नव्हतं.
आता काय धरलं म्हणावं, थेंब की बोट?

पुन्हा फोन केला. म्हटलं, या पेशी जिवंत आहेत का?
नाही मावशी, नुसता अर्क.
अन् चिठ्ठ्या? कातडीच्या आत पोचतात?
ती थांबली. म्हणाली, ट्रेनिंगमध्ये पोचतात म्हणून सांगितलं.

मी तिला सांगितलं नाही, पण
कोवळ्या खुंटावर बसवला म्हणून
डोळा कोवळा होत नाही.
चाळीस वर्षांच्या झाडाचा डोळा
वितभर रोपावरही चाळीस वर्षांचाच राहतो,
म्हणून तर चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देतो.
खरंच तरुण झाड पाहिजे असेल तर बी टाका.
येते. अंगभर काटे घेऊन येते,
हात लावू देत नाही,
आठ-दहा वर्षं एक फळ नाही.

मला माझे काटे आठवतात.
आईला टोचलेले, अन् आणखी एकाला.

पंचविसाव्या दिवशी वेणूनं माझी हनुवटी धरली,
उन्हाकडे फिरवली.
उजवा जरा उजळ आहे, म्हणाली.
मग थांबून, ऊनच उजवीकडून येऊन राह्यलं पण.
कपाळाबद्दल काही बोलली नाही.

रात्री ऋतुजानं विचारलं,
कोणतं चांगलं? गिऱ्हाइकाला काय सांगू?
तू कोणतं लावतेस?
दोन्ही, म्हणाली. डोळ्यांखाली.
सव्वीस पूर्ण व्हायची आहे अजून.
मी म्हटलं, दिवाळीला ये. कोट तिथंच ठेव.

तळाला उरलं होतं ते दोन्ही एकत्र करून
डाव्या अंगठ्यावर चोपडलं,
जिथं चाकूच्या रेघा एकमेकींवरून गेल्यात.
अंगठ्यानं सगळं पिऊन टाकलं.

सकाळी पहिलाच खुंट, अंगठा बुळबुळीत,
चाकू निसटला, एक डोळा वाया गेला.
बाकीचे पाचशे नव्व्याण्णव भरले.